कॅज्युअल्टीच्या दारात ‘जरा’ म्हणू नका

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या पोळीभाजी केंद्रात पुरणपोळीच्या ऑर्डरी असतात. डिसेंबर २०२३ मधल्या त्या गुरुवारी दोनशे दहा पोळ्या गेल्या. उपवास माझाही होता. संध्याकाळी साडेसातला शेवटचं पार्सल बांधताना छातीच्या मधोमध कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. आठ वाजून पाच मिनिटांनी मी पुण्यातल्या वारज्याहून मुलाच्या ॲक्टिव्हावर मागे बसून एका खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचले. माझा ईसीजी निघाला नऊ पंचावन्नला. मधला एक तास पन्नास मिनिटं मी वॉटर कूलरशेजारच्या स्टीलच्या खुर्चीत बसून होते. केस पेपरवर लिहिलं होतं ॲसिडिटी. होता हार्ट अटॅक.

मी तेव्हा सत्तेचाळीसची होते, शुगरला सहा वर्षं झाली होती. आज माझ्या हृदयाचं पंपिंग चाळीस टक्क्यांवर आहे. पोळपाटाशी अर्ध्या तासाच्या वर उभं राहवत नाही, लाटायला दोन बायका ठेवल्यात. त्या रात्री मला आणि माझ्या मुलाला काय माहीत असायला हवं होतं, ते इथे लिहितेय. कुणाच्या तरी आईच्या, सासूच्या कामी यावं.

पहिलं वाक्य

आत गेल्यावर एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, ‘काय होतंय काकू?’ मी म्हणाले, ‘काही नाही हो, जरा छातीत जळजळतंय. आज उपवास आहे ना, पित्त झालं असेल.’ त्यांनी ‘उपवास’ हा शब्द उचलला, पित्ताचं इंजेक्शन लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. माझ्या छातीवर पाटा होता आणि मी त्याला जळजळ म्हणाले. वर निदानही मीच करून दिलं.

हे मी स्वतःवर ओढून घेत नाही. सत्तेचाळीस वर्षांची शुगरची बाई छातीची तक्रार घेऊन आली, तर ती काहीही म्हणो, दहा मिनिटांत तिचा ईसीजी व्हायला हवा. डॉक्टरीतला हा सर्वमान्य नियम आहे. मला तो नंतर दुसऱ्या हॉस्पिटलच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितला. बायकांना आणि शुगरवाल्यांना हार्ट अटॅकमध्ये नेहमीसारखी कळ येतेच असं नाही. धाप, मळमळ, घाम, जबडा, पाठ, पोटाचा वरचा भाग, यातलं काहीही पुढे येऊ शकतं, हेही त्यांनी सांगितलं. चूक हॉस्पिटलची होती. पण गर्दीच्या वेळी एकट्या डॉक्टरासमोर बारा-चौदा पेशंट असतात आणि तुमच्या वाट्याला त्याचं अर्धं मिनिट येतं. त्या अर्ध्या मिनिटात काय बोलायचं ते आपल्या हातात आहे.

आम्हा बायकांच्या तोंडात काही शब्द बसलेले आहेत. जरा. थोडंसं. तसं बरंय. दगदग झाली असेल. वयाचं असेल. उगाच कुणाला त्रास नको म्हणून आपण दुखणं लहान करून सांगतो. घरात ते चालून जातं, कारण घरच्यांना आपला चेहरा वाचता येतो. कॅज्युअल्टीत चेहरा वाचायला कुणाला वेळ नसतो, शब्दच लिहून घेतले जातात. तेव्हा हे शब्द दाराबाहेर ठेवायचे. ‘पित्त’, ‘गॅस’, ‘अपचन’, ‘टेन्शन’ हेही आपण बोलायचं नाही. ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. आपण फक्त काय होतंय ते सांगायचं: दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, कळ मारल्यासारखं. कुठे, किती वाजल्यापासून, कुठवर जातंय, सोबत घाम किंवा धाप आहे का, आधीचे आजार कोणते, आणि घरात कुणाला होतं का. मी त्या दिवशी असं म्हणायला हवं होतं:

‘साडेसातपासून छातीच्या मधोमध दाब आहे. डाव्या खांद्यात जातोय. घाम फुटलाय. सहा वर्षं शुगर आहे. आईला हार्ट अटॅक आला होता. माझा ईसीजी काढा.’

सहा छोटी वाक्यं, म्हणायला पंधरा सेकंद. शेवटचं वाक्य मागणीचं आहे आणि ते मोठ्याने म्हणायचं. ‘ईसीजी काढायचा का?’ असं विचारायचं नाही, ‘काढा’ म्हणायचं.

माझ्या सासूबाई एक्याऐंशीच्या आहेत. तब्येत विचारली की आधी ‘देवाच्या दयेनं बरं आहे’ म्हणतात, मग दुखणं सांगतात. त्यांच्याकडून मी हे स्वयंपाकघरात चार वेळा म्हणून घेतलं. दोनदा सुरुवात ‘देवाच्या दयेनं’नेच झाली. तिसऱ्यांदा नीट म्हणाल्या. तुम्हीही घरात म्हणवून घ्या. ऐन वेळी तोंडात जुनंच येतं.

इतर दुखण्यांचं थोडक्यात. तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ सगळ्यांत आधी सांगायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते घड्याळ त्या वेळेपासून चालतं. झोपेतून उठल्यावर कळलं असेल तर रात्री झोपताना ठीक होता का ते सांगा. कुणी औषध किंवा विष प्यालं असेल तर बाटली, पाकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी, जे सापडेल ते सोबत न्या. फीट आली असेल तर किती मिनिटं होती ते सांगा, शक्य असेल तर मोबाइलवर चित्रीकरण दाखवा. शुगरचा पेशंट बरळतोय, घामाघूम झालाय, तर ‘शुगर तपासा’ हेच पहिलं वाक्य.

ऑर्डरची चिठ्ठी

त्या रात्री माझ्या मुलाने, ओंकारने, एक गोष्ट केली, कुणी न सांगता. त्याच्या खिशात केंद्राच्या चिठ्ठ्यांचं पॅड होतं. ऑर्डर आली की आम्ही नाव, नग आणि वेळ लिहितो आणि काउंटरवरच्या खिळ्याला अडकवतो, ती सवय. खुर्चीजवळ उभं राहून काय करावं ते सुचेना म्हणून तो एका चिठ्ठीच्या मागे लिहीत बसला. पुढच्या बाजूला ‘पु. पो. २५, आमटी १ लि., ६.३०’ आणि मागे:

८.०५ आलो. ८.२० डॉ. बघून गेले. ८.३० इंजे. ८.५० आईला दात दुखतात, सिस्टरला सांगितलं. ९.१० घाम, पदर ओला. सिस्टर म्हणाली बसा. ९.२५ परत सांगितलं. ९.५० नवीन डॉ. आले. ९.५५ ईसीजी.

एवढीच चिठ्ठी. पण पुढे हॉस्पिटलशी जे काही बोलणं झालं ते या आठ नोंदींवर झालं. त्यांच्या नोंदीत आल्याची वेळ होती आणि ईसीजीवर मशीनने छापलेली वेळ होती, मधलं काहीच नव्हतं. मधलं फक्त आमच्याकडे होतं.

म्हणून पेशंटबरोबर दोन माणसं असतील तर एकाने पेशंटचा हात धरायचा आणि दुसऱ्याने वेळा लिहायच्या. एकच असेल तर त्याने दोन्ही करायचं. मोबाइलवर स्वतःलाच मेसेज पाठवत गेलात तर वेळ आपोआप पडते. कुणाचं नाव कळलं तर लिहा, नाही तर ‘निळे कपडे, चष्मा’ लिहा. आत व्हिडिओ काढू नका. दुसरे पेशंट असतात, आणि त्यावरून भांडण झालं की उपचार बाजूला राहतात.

बदल झाला की नव्याने सांगायचं

दात दुखायला लागले तेव्हा मी सिस्टरला म्हणाले, ‘सिस्टर, खालचे दात दुखताहेत.’ त्या म्हणाल्या, ‘दाताचे डॉक्टर सकाळी येतील.’ मला वाटलं, खरंच दात असतील. ती कळ छातीतून जबड्यात चढत होती.

कॅज्युअल्टीत पेशंट आला की त्याची तातडी ठरवतात, त्याला ट्रायाज म्हणतात. लाल म्हणजे लगेच, पिवळा म्हणजे थोड्या वेळात, हिरवा म्हणजे थांबू शकतो. मोठ्या ठिकाणी तसे पट्टे किंवा खाटा असतात. लहान ठिकाणी नुसतं डोक्यात ठरतं. एकदा तुम्ही हिरवे ठरलात की तुमच्याकडे परत कुणी बघेलच असं नाही. म्हणून विचारायचं, ‘मला कोणत्या रंगात धरलंय?’ आणि काही बदललं की ‘अजून दुखतंय’ म्हणायचं नाही. त्याचा अर्थ तसंच आहे असा घेतला जातो. ‘आलो तेव्हा नव्हतं ते आता होतंय. घाम नवा आहे. बीपी परत बघा.’ असं म्हणायचं. ‘नवा’ आणि ‘परत’ हे दोन शब्द लक्षात ठेवा.

तरी कुणी हललं नाही तर आवाज न चढवता वर जायचं. ‘सीएमओ कोण आहेत? मला त्यांच्याशी बोलायचंय.’ सीएमओ म्हणजे त्या पाळीचे कॅज्युअल्टीचे मुख्य डॉक्टर. तेही जमलं नाही तर एक शेवटचं वाक्य आहे, आणि ते मी नंतर दोन ओळखीच्यांना दिलं. दोघांनाही उपयोग झाला: ‘आम्ही इतक्या वाजता ईसीजी मागितला आणि तुम्ही गरज नाही म्हणालात, एवढं केस पेपरवर लिहा.’ लिहायला सांगितलं की माणूस थांबून विचार करतो. त्यात धमकी नाही, म्हणून रागही येत नाही.

आरडाओरडा आणि धक्काबुक्की कितीही जीव तळमळला तरी नको. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पण माझं कारण दुसरं आहे. त्या रात्री शेजारच्या पेशंटच्या भावाने वॉर्डबॉयची कॉलर धरली. पुढची पंधरा मिनिटं दोन्ही सिस्टर आणि तो एकटा डॉक्टर त्यातच गुंतले होते. त्या पंधरा मिनिटांत मी खुर्चीत बसून घामाने भिजत होते.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. ईसीजीला छाती उघडी करावी लागते. शेवटी माझा ईसीजी ठरला तेव्हाही मी पदर घट्ट धरून बसले होते, कारण पडदा अर्धाच होता आणि समोर माणसं होती. पुरुष डॉक्टर किंवा टेक्निशियन तपासत असेल तर बाईमाणूस जवळ असणं हा आपला हक्क आहे. ‘सिस्टरला बोलवा, पडदा ओढा’ एवढं म्हणायचं आणि मग संकोच करायचा नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढायला सांगतात. ती कुणाच्या हातात दिली ते मोठ्याने बोलून द्या, रुमालात बांधून. माझी एक पाटली ओंकारच्या जर्किनच्या खिशात दुसऱ्या दिवशी सापडली, तोवर घरात सगळ्यांचा जीव टांगणीला होता.

काउंटरवर

ईसीजी बघून नव्या पाळीच्या डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी लगेच गोळ्या चावायला दिल्या, ऑक्सिजन जोडला. त्यांच्याबद्दल मला आयुष्यभर कृतज्ञता आहे. त्याच वेळी ओंकारला काउंटरवर बोलावून पन्नास हजार भरायला सांगितलं. तो एकोणीस वर्षांचा. त्याचे बाबा चाकणला दुसऱ्या पाळीला होते. फोन कंपनीच्या लॉकरमध्ये.

१९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं, की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टराचं, सरकारी असो वा खासगी, पहिलं कर्तव्य आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या नियमांतही आहे, की तातडीच्या वेळी जीव वाचवणारे किमान उपचार आगाऊ पैशांसाठी अडवायचे नाहीत. दर्शनी भागात दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद लावणंही त्यातच आहे. सनदेची पाटी कुठे आहे ते बघून ठेवा, काउंटरवर बोलताना तिच्याकडे बोट दाखवता येतं. बोलायचं असं: ‘पैशांची व्यवस्था करतोय, तोवर उपचार थांबवू नका. थांबवणार असाल तर तसं लिहून द्या.’

हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर आणखी एक आधार आहे. पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं तशी आहेत. त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तातडीच्या पेशंटला अनामत न मागता आधी दाखल करून स्थिर करणं त्यांना बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवकांना भेटायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशन कार्ड आणि आधार दाखवायचं. रस्त्यावरच्या अपघातात २०२५ पासून केंद्राची योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता. हे सगळं रात्री दहा वाजता काउंटरवर आठवत नाही. म्हणून कागदावर लिहून पिशवीत ठेवा.

दुसरीकडे हलवताना

त्या हॉस्पिटलमध्ये कॅथलॅब, म्हणजे हृदयाची बंद नस उघडायची (अँजिओप्लास्टीची) खोली, नव्हती. अँजिओप्लास्टीला मला दुसरीकडे न्यावं लागणार होतं. तेव्हा ओंकारपुढे एक छापील कागद आला आणि त्याने सही केली. तो ‘डामा’चा फॉर्म होता, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता आम्ही आमच्या जबाबदारीवर पेशंट नेतोय. सल्ला तर त्यांचाच होता! हा कागद पुढे फार जड जातो. तक्रार करताना पहिलं उत्तर तेच येतं, आणि विम्याच्या क्लेमलाही अडचण होते. हॉस्पिटल स्वतः पाठवत असेल तर कागदावर ‘येथे कॅथलॅब नाही म्हणून रेफर’ असं लिहून घ्या. ‘डामा’ छापलेलं असेल तर खोडून लिहायला सांगा, आणि ते तयार नसतील तर सहीच्या वर आपण आपल्या अक्षरात मराठीत लिहा: ‘हॉस्पिटलच्या सांगण्यावरून नेत आहोत.’

सोबत रेफरची चिठ्ठी हवी, त्यात कोणतं औषध किती वाजता दिलं ते हवं, आणि ईसीजीची प्रत हवी. आमच्याकडे चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या ठिकाणी काय दिलंय ते कळेपर्यंत त्यांना फोनाफोनी करावी लागली. ईसीजीचा फोटो मात्र ओंकारने काढला होता आणि निघतानाच पुढच्या हॉस्पिटलच्या नंबरवर पाठवला होता, त्यामुळे तिथे टीम तयार होती. निघण्याआधी ‘खाट आहे का, कॅथलॅब चालू आहे का’ हे फोनवर पक्कं करा, बोलणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहा.

घरात आधी काय करून ठेवायचं

ॲक्टिव्हावर जाणं ही आमची मोठी चूक होती. मागे बसलेला पेशंट रस्त्यात बेशुद्ध पडला तर काय? १०८ ला फोन करा. २०१४ पासून आपल्याकडे ही सेवा आहे, मोफत आहे, आणि गाडीत डॉक्टर असतो. पत्ता सांगताना सोसायटीचं नाव पुरत नाही. जवळचं देऊळ, शाळा, पेट्रोल पंप, बसस्टॉप सांगा, आणि एकाला गल्लीच्या तोंडाशी मोबाइलची बॅटरी लावून उभं करा. आमच्या माळवाडीच्या बोळांत याच्यावर पाच-सात मिनिटं वाचतात.

कुठे जायचं हे दिवसा ठरवा. मी आता घराजवळची तीन हॉस्पिटलं स्वतः जाऊन बघून आलेय, दुपारी, काम नसताना. पाटीवर सगळीकडेच ‘२४ तास’ असतं. मी हे विचारलं: रात्री कॅथलॅब चालते का, रात्री सीटी स्कॅन निघतो का, रात्री ईसीजी वाचणारं कोण असतं, आणि रात्री कोणतं गेट उघडं असतं. दोन ठिकाणी रिसेप्शनच्या मुलींनी नीट सांगितलं. एका ठिकाणी ‘मॅडम, पेशंट कुठाय?’ असं विचारून टाळलं, ते मी यादीतून काढलं. ससून स्टेशनजवळ, औंधचं जिल्हा रुग्णालय, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू, पिंपरीचं वायसीएम, ही सरकारी आणि पालिकेची नावंही यादीत हवीत. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांतले रस्ते बंद असतात आणि विसर्जनाला लक्ष्मी रोड तर पूर्णच. तेवढ्या दिवसांसाठी नदीच्या आपल्या बाजूचं हॉस्पिटल ठरवून ठेवा.

दाराच्या खुंटीला एक कापडी पिशवी आहे. तिच्यात सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स, रेशन कार्डाची आणि विम्याच्या कार्डाची झेरॉक्स, चार्जर, शाल, दोन हजार रुपये सुट्टे, पेन आणि चिठ्ठ्यांचं पॅड. सगळ्यांत मोलाचे दोन कागद. एक, प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी: नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा घेतो, कशाची ॲलर्जी आहे, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तिच्याखाली लाल रेघ. दुसरा, बरं असतानाचा जुना ईसीजी. नवा ईसीजी त्याच्याशेजारी ठेवला की डॉक्टरांना फरक पटकन कळतो.

तक्रार

घरी आल्यावर महिनाभर मला बोलायचंच नव्हतं. ‘वाचलीस ना, सोड आता,’ असं सगळे म्हणत होते. जानेवारीत एका सकाळी चिठ्ठीचा खिळा साफ करताना ती चिठ्ठी हाताला लागली. त्याच दुपारी अर्ज लिहिला.

आधी कागद मागायचे. पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितले की ७२ तासांत वैद्यकीय कागद द्यायला हवेत, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत तसं आहे. तोंडी मागू नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्या. माझा अर्ज असा होता:

‘मी अमुक तारखेला रात्री ८.०५ वाजता आपल्या कॅज्युअल्टीत आले होते. माझा केस पेपर, सिस्टरच्या नोंदी, दिलेल्या औषधांच्या वेळा, ईसीजी आणि रेफरसंबंधीचे कागद यांच्या प्रती ७२ तासांत मिळाव्यात. त्या रात्रीचं ८ ते ११ या वेळेतलं कॅज्युअल्टीतलं सीसीटीव्ही चित्रीकरण पुसू नये.’

सीसीटीव्हीची ओळ मी महिन्याने लिहिली, तोवर ते पुसलं गेलं होतं. तुम्ही ती दुसऱ्याच दिवशी लिहा, कुणाला तरी पाठवून द्या.

शिक्का मारायला आधी नकार मिळाला. ‘साहेब नाहीत, ठेवून जा.’ मी म्हणाले, ‘मी बसते.’ चाळीस मिनिटांनी शिक्का मिळाला. तोही नाहीच मिळाला तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा.

कागद हातात आल्यावर तक्रार. आधी हॉस्पिटलच्या तक्रार निवारण कक्षाकडे. पुणे महापालिकेच्या हद्दीतल्या खासगी हॉस्पिटलची नोंदणी पालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, तिथे दुसरी प्रत. पिंपरी-चिंचवडला त्यांची पालिका, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक. धर्मादाय हॉस्पिटलने अनामतीसाठी अडवलं असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. एखाद्या डॉक्टराच्या वागण्याबद्दल असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही.

तक्रारीत राग लिहू नका. मी पहिल्या खर्ड्यात तीन पानं लिहिली होती. त्यात ‘माणुसकी’ हा शब्द सात वेळा होता. ओंकारने ती बाजूला ठेवली आणि चिठ्ठीतल्या आठ वेळा एकाखाली एक लिहिल्या. त्याखाली दोन प्रश्न. पहिला, छातीची तक्रार घेऊन आलेल्या शुगरच्या पेशंटचा ईसीजी ११० मिनिटं का निघाला नाही? दुसरा, तुम्ही स्वतः रेफर केलंत तर ‘डामा’ फॉर्मवर सही का घेतलीत? आणि एक मागणी: छातीत दुखणाऱ्या पेशंटचा ईसीजी केस पेपर काढण्याआधी व्हावा. एक पान झालं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. पहिल्या प्रश्नाला ‘विलंब झाल्याबद्दल खेद आहे’, दुसऱ्याला उत्तरच नाही, आणि मागणी मान्य. भरपाईसाठी मी आयोगात गेले नाही. मला ते मशीन दाराशी हवं होतं. मार्चमध्ये एका सकाळी जाऊन बघितलं. वॉटर कूलरशेजारची स्टीलची खुर्ची काढून तिथे एक खाट टाकलीय, पडदा पूर्ण ओढता येतो, आणि ट्रॉलीवर ईसीजीचं मशीन आहे. रात्री ते कुणी वापरतं का, ते बघायला मी अजून गेलेले नाही. ‘डामा’च्या प्रश्नाचं स्मरणपत्र मात्र दोनदा पाठवलंय, दोन्हींवर शिक्का आहे.